कुणग्यातला अझोला: खत थोडे, तणाला अटकाव मोठा

कोकणातल्या भातशेतीत आज सर्वांत महाग काय झाले आहे, असे विचारले तर आमच्या कुडाळ तालुक्यातला शेतकरी खताचे नाव घेणार नाही, बेणणीचे घेईल. लावणीला अजून कसेबसे माणूस मिळते, कारण ती साऱ्या वाडीची एकाच वेळची घाई असते आणि एकमेकांच्या शेतावर जाण्याची रीत थोडीफार टिकून आहे. बेणणीला मात्र, आषाढाच्या सरींत कमरेतून वाकून तासन्‌तास तण उपटायला, कोणी येत नाही. आणि जे येतात ते जेव्हा येऊ शकतात तेव्हा तण भाताच्या खांद्याला लागलेले असते. तणनाशक मारावे तर कुणग्यांतले (भातखाचरांतले) पाणी एकातून दुसऱ्यात उतरत शेवटी ज्या व्हाळाला (ओढ्याला) मिळते, त्याच व्हाळावर खालच्या वाडीची गुरे पाणी पितात. या अडचणीतून वाट काढताना मी अझोल्याकडे, पाण्यावर पसरणाऱ्या एका बारीक वनस्पतीकडे, वळलो. नत्राचे खत फुकट मिळते, ही त्याची कीर्ती मला ठाऊक होती, पण मला त्याच्याकडून मुख्यतः हवी होती ती तण दाबणारी सावली.

अझोल्याला आमच्याकडे सरसकट शेवाळ म्हणतात. प्रत्यक्षात ते पाण्यावर तरंगणारे छोटे नेचे आहे. आपल्याकडे आढळणारी अझोला पिनाटा ही जात साधारण त्रिकोणी आकाराची, नखाएवढी किंवा त्याहून थोडी मोठी असते. हातभिंगातून पाहिले तर बारीक पाने एकमेकांवर दाट रचलेली दिसतात. प्रत्येक पानाला दोन पाळ्या असतात: वरची जाड आणि हिरवी, खालची पातळ, जवळजवळ बिनरंगी आणि पाण्याला चिकटलेली. वरच्या पाळीत एक पोकळी असते आणि त्या पोकळीत ॲनाबिना हा नील-हरित सूक्ष्मजीव मुक्काम करून असतो. मी शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे पान चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सोय होती. मण्यांच्या माळांसारख्या पेशींच्या रांगा आणि त्यांत मधूनमधून येणारा एखादा मोठा, फिकट मणी असे ते दृश्य आहे. हवेतला नत्र बांधण्याचे काम या फिकट पेशींत होते. तो नत्र नेच्याला मिळतो आणि त्याच्या बदल्यात नेचे या सूक्ष्मजीवाला आसरा आणि अन्न देते. खाली पाण्यात लोंबणारी मुळे मातीला टेकतही नाहीत. ही शेवटची गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, कारण आमच्या जमिनीत पुढचा सगळा खटाटोप तिच्याभोवतीच फिरला.

बेणे एका ओळखीच्या गोठेवाल्याकडून आणले. आपल्याकडे अझोला बहुतेकांना ठाऊक आहे तो गुरांचे खाद्य म्हणून, आणि त्याचे श्रेय बऱ्याच अंशी कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्राने रुळवलेल्या सिल्पॉलिनच्या (जाड प्लास्टिक कापडाच्या) खड्ड्याच्या सोप्या पद्धतीला जाते. मीही सुरुवात तशीच केली. माडांच्या सावलीत दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद वाफा आखला, त्यात सिल्पॉलिन अंथरले, त्यावर दहा-पंधरा किलो चाळलेली माती पसरली, दोन किलो ताजे शेण आणि ३० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट दहा लिटर पाण्यात कालवून ओतले, पाणी चार बोटे उंच केले आणि वर किलोभर बेणे शिंपडले. वैशाखातही माडाखाली तो तग धरून राहिला. वाफ्याच्या ज्या कोपऱ्यावर दुपारचे थेट ऊन येत असे तिथला अझोला विटकरी लाल होई आणि सावलीतला हिरवागार राही. पाण्याचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले की अझोला वाढत नाही, नुसता टिकतो किंवा तेही करीत नाही. २० ते ३० अंश हा त्याचा सुखाचा पट्टा. पावसाळ्यासाठी बेणे ठेवायचे तर एप्रिल आणि मे हेच त्याचे कसोटीचे महिने असतात.

गोठ्याला पुरेल एवढा अझोला खड्ड्यात होतो, शेताला पुरेल एवढा होत नाही. लावणी झालेल्या भातात हेक्टरी अर्धा ते एक टन ताजा अझोला सोडावा, अशी शिफारस आहे. म्हणजे गुंठ्याला पाच ते दहा किलो. माझ्या डोळ्यांसमोर दहा गुंठे होते, तेव्हा निदान ५० ते १०० किलो बेणे एकाच वेळी हाताशी हवे. पाणी पूर्ण झाकले गेले की चौरस मीटरवर साधारण किलोभर अझोला असतो, या हिशेबाने चार चौरस मीटरचा वाफा किती पुरा पडणार ते उघड आहे. म्हणून मृगाचा पाऊस लागताच घराजवळच्या कुणग्याचा अर्धा गुंठा मेर (बांध) घालून वेगळा केला, चिखल केला, शेणाचा काला आणि चिमूट चिमूट सुपर फॉस्फेट टाकले आणि खड्ड्यातले बेणे त्यात सोडले. अनुकूल हवेत अझोला तीन ते पाच दिवसांत दुप्पट होतो, हे पुस्तकातले वाक्य मी इथे खरे होताना पाहिले. एरवी ढगाळ हवेबद्दल शेतकरी कुरकुरतो, पण जूनचा अर्धवट उजेड आणि सौम्य उष्मा या नेच्याला मानवतो. शेजारी शेजारी सुटे तरंगणारे तुकडे आधी एकमेकांना भिडतात, मग दाटतात, आणि एके दिवशी पाणी दिसेनासे होते. तेव्हा न थांबता अर्धा अझोला काढून घ्यावा लागतो. दाटीत तो एकावर एक चढतो आणि खालचा थर कुजू लागतो.

लावणीत मला एक बदल करावा लागला. आमच्याकडे लावणी हाताच्या अंदाजाने होते, ओळी नसतात. अझोला नंतर चिखलात दाबायचा तर दोन चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये पाऊल किंवा कोनोवीडर (ढकलत चालवायचे तण काढण्याचे अवजार) जाईल एवढी सरळ जागा हवी. म्हणून कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीतली नियंत्रित लावणी घेतली, म्हणजे दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून पालटून अंतराने चूड लावले. त्या पद्धतीतल्या युरिया-डीएपीच्या गोळ्या मात्र घेतल्या नाहीत. चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल पुरलेल्या गोळीतले स्फुरद भाताला उत्तम मिळते. पाण्यावर तरंगणाऱ्या अझोल्याला त्याचा काहीच उपयोग नाही. भाताचे वाण रत्नागिरी-२४ होते. तरवा (लावणीची रोपे) वीतभर उंच झाल्यावरच लावला, कारण आखूड रोपात अझोला लवकर सोडला आणि मध्येच पाणी उतरले तर तो ओल्या गोधडीगत पात्यांवर पसरून राहतो आणि रोप उठत नाही.

लावणीनंतर आठवडाभराने रोपांनी मूळ धरले आणि त्यांचा पिवळेपणा गेला, तेव्हा टोपल्यांतून अझोला शिंपडला. मेरेवरून जाणारे वाडीतले एक आजोबा थांबले, थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “अरे, लोक शेतातला शेवाळ काढतत, नि तू घालतंस?” त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. पोसवण्याआधी कुणग्यात दाटणाऱ्या तंतूमय शेवाळाने त्यांचे उभे आयुष्य हैराण केले होते आणि लांबून दोन्ही सारखेच दिसते. मोकळ्या पाण्यात अझोला वाऱ्याने एका बाजूला ढकलला जातो, पण लावणी झालेल्या कुणग्यात चुडांमुळे वारा अडतो आणि तो बऱ्यापैकी सारखा पसरतो. म्हणून तो आधी वाढवायचा आणि सोडायचा लावणीनंतर, हा क्रम मला योग्य वाटतो.

आता मुख्य अडचण. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जून-जुलैत कोसळतो. आमचे कुणगे उतारावर पायऱ्यांनी बांधलेले आहेत. वरच्याचे जादा पाणी मेरेला ठेवलेल्या तोंडातून खालच्यात पडते, खालच्याचे त्याच्या खालच्यात, आणि शेवटच्याचे व्हाळात. ही व्यवस्था भातासाठी उत्तम आहे, पण तरंगणाऱ्या कोणत्याही वस्तूचा तिच्यात टिकाव लागत नाही, कारण तोंडातून आधी वाहून जाते ते पृष्ठभागावरचे पाणी. एका रात्रीच्या मुसळधार सरीनंतर सकाळी वरचे कुणगे स्वच्छ आणि सर्वांत खालचा मात्र काठोकाठ हिरवा, असा प्रकार आम्ही पाहिला. उरलेला अझोला व्हाळाने नेला होता.

तोंडाला जाळी लावणे हा पहिला उपाय सगळ्यांनाच सुचतो. जुन्या मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा दोन काठ्यांत ताणून लावला. त्याने अझोला अडला, पण त्याबरोबर पालापाचोळाही अडला, जाळी तुंबली, पाणी चढले आणि तोंडाऐवजी मेरेवरूनच वाहू लागले. मेर फुटली असती तर अझोल्यापेक्षा मोठे नुकसान झाले असते. मग चिवाराच्या (बारीक बांबूच्या) काठ्या एकत्र बांधून तोंडाच्या आत हातभर अंतरावर पाण्यावर आडव्या तरंगत ठेवल्या. हा अडसर पाण्याबरोबर वर-खाली होतो, अझोला त्याला अडतो आणि पाणी खालून निघून जाते. साध्या पावसात तो पुरतो. जोराच्या पावसासाठी शेवटी तोंड मातीने बुजवून त्या जागी चार इंची पीव्हीसी पाइप मेरेतून आडवा बसवला आणि आतल्या टोकाला एल्बो लावून त्याचे तोंड पाण्याच्या पातळीखाली दोन-तीन बोटे वळवले. पाइपची उंची ठरवते तेवढेच पाणी कुणग्यात राहते आणि बाहेर जाते ते पृष्ठभागाखालचे. एकच पाइप जोरात ओढू लागला की त्याच्यापाशी भोवरा होतो आणि भोवऱ्यात अझोला खाली खेचला जातो. मोठ्या कुणग्याला दोन पाइप लावले की ओढ विभागली जाते. एवढे करूनही आषाढातल्या एखाद्या अतिवृष्टीत पाणी मेरेवरून जातेच, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. म्हणून अर्ध्या गुंठ्याचा बेण्याचा वाफा उंचावर, वरून पाणी न येणाऱ्या जागी ठेवला आहे. शेतातला अझोला गेला तर पुन्हा शिंपडण्यापुरते बेणे तिथे असते.

स्फुरदाचा प्रश्न पाण्याच्या मानाने शांत आहे, पण नवख्याला तोच अधिक फसवतो. अझोला नत्र स्वतः कमावतो, स्फुरद कमावू शकत नाही. ते त्याला पाण्यातून मिळावे लागते, कारण मुळे मातीपर्यंत पोहोचतच नाहीत. आमची जमीन जांभ्याची, लोहाने भरलेली आणि आम्लधर्मी. तिच्यात टाकलेले स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियम घट्ट धरून ठेवतात. चिखलणीच्या वेळी नेहमीप्रमाणे सगळे सुपर फॉस्फेट एकदम दिलेल्या कुणग्यात अझोला पंधरवड्यातच लालसर, बारीक आणि ठिसूळ झाला, मुळे वाजवीपेक्षा लांब होऊन नुसत्या स्पर्शाने गळू लागली. उन्हाने येणारा लालपणा आणि उपासाने येणारा लालपणा यांत फरक करायचा तर झाड उलटे करून मुळे पाहावीत: उन्हाने लाल झालेल्याची मुळे आखूड आणि धडधाकट असतात.

उपाय खर्चिक नाही. कोकणात भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस आहे. त्यातले स्फुरद म्हणजे गुंठ्याला साधारण तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट. जादा काही न देता तेच खत मी वाटून देतो: निम्मे चिखलणीत भाताच्या मुळांसाठी, आणि उरलेले अझोला सोडल्यापासून आठवड्या-आठवड्याने तीन हप्त्यांत, पाऊस उघडलेला पाहून अझोल्याच्या अंगावरच भुरभुरवून. असे दिलेले स्फुरद मातीला मिळण्याआधी अझोला उचलतो आणि पुढे तो कुजला की तेच भाताला परत मिळते. खत घातल्यावर दोन-तीन दिवसांत नव्या, पोपटी कडा फुटतात.

तणाविषयी मी जे सांगतो ते डोळ्यांनी पाहिलेले आहे आणि त्याला मर्यादा आहेत. लावणीनंतर तीन आठवड्यांच्या आत पाणी पूर्ण झाकले गेले तर पाण्याखाली रुजणारी बारीक पाणतणे जवळजवळ येतच नाहीत. त्यांना उजेड मिळत नाही आणि जी उगवतात त्यांना वरचा थर फोडता येत नाही. थर बाजूला सारून चिखलात हात घातला तेव्हा पांढुरकी, लांबुळकी, निस्तेज रोपे हाताला लागत. त्याच वेळी शेजारच्या, अझोला नसलेल्या कुणग्यात तीच तणे चार पानांवर होती. पाखड या तणावर मात्र अझोल्याची मात्रा नीट चालत नाही. ते भातासारखेच दिसते, जोमाने उभे वाढते आणि बरेचदा तरव्याबरोबर लावलेही जाते. थर तयार होईपर्यंत ते पाण्याबाहेर डोके काढून बसलेले असते. लव्हाळ्याच्या गाठींत साठवलेले बळ असते, म्हणून मेरेच्या कडेचा लव्हाळाही वर येतोच. जिथे अझोला विरळ राहिला, विशेषतः पाणी पडण्याच्या जागेखाली, तिथे सर्व प्रकारचे तण होते. तेव्हा बेणणी संपली असे कोणी समजू नये. दोन बेणण्यांपैकी एक वाचते आणि उरलेली उभ्याने, पाखड ओळखून उपटण्यापुरती होते. आमच्या घरात हा फरक सर्वांत आधी माझ्या पत्नीने सांगितला, कारण वाकणारी कंबर तिची होती.

एक गोष्ट मी मुद्दाम तपासली. मोकळ्या पाण्यातले तंतूमय शेवाळ दिवसा उजेडात पाण्यातला कर्बवायू ओढून घेते, त्यामुळे दुपारी पाणी अल्कधर्मी होते आणि अशा पाण्यात टाकलेल्या युरियातला नत्र अमोनिया होऊन हवेत जातो. श्रावणात ऊन पडलेल्या दिवशी दुपारी शाळेतल्या सामू (पीएच) पाहण्याच्या पट्ट्या घेऊन गेलो. शेवाळाच्या कुणग्यात बुडवलेली पट्टी हिरवट निळी झाली, अझोल्याखालच्या पाण्यातली पिवळसर हिरवी राहिली. अझोला स्वतः किती नत्र देतो हा वेगळा हिशेब, पण वरून दिलेल्या युरियाची तो राखण करतो, हे त्या दोन पट्ट्यांनी मला पटवले. त्यानंतर युरियाचा हप्ता मी थराच्या आड, पाण्यात पडेल असा देतो.

अझोला जिवंत असताना भाताला फारसा नत्र देत नाही. तो मरून कुजला पाहिजे. शिफारस अशी की पाणी काढावे, अझोला चिखलावर बसू द्यावा आणि कोनोवीडर फिरवून गाडावा. जुलैत आमच्या खालच्या कुणग्यांतले पाणी काढणे हा विनोद आहे. वरून पाझर चालूच असतो. कोनोवीडर ढकलला की अझोला त्याच्या मागे पुन्हा तरंगून वर येई. शेवटी पाखड काढायला शिरलेल्या माणसांनीच दोन ओळींमधून चालताना तो पायांनी चिखलात तुडवत जावे, अशी पद्धत पडली. पायाखाली सगळा जात नाही. पण जो सुटतो तोच पुन्हा वाढून दुसरा थर करतो, आणि तण दाबण्याच्या दृष्टीने ते बरेच आहे. वरच्या, निचऱ्याच्या कुणग्यांत मात्र पाणी उतरवून वीडर नीट चालला. तिथे गाडल्यानंतर महिन्याभरात भाताचा रंग गडद झाला, खालच्यांत तो फरक उशिरा आणि कमी दिसला.

आता हिशेब, कारण अझोल्याच्या पत्रकांत तो सहसा पूर्ण मांडलेला नसतो. एका गुंठ्यावर पूर्ण थर म्हणजे सुमारे १०० किलो ताजा अझोला. त्यात ९४ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. उरलेल्या सहा किलो सुक्या मालात चार टक्के नत्र धरला तर सुमारे २४० ग्रॅम नत्र होतो. शिफारशीप्रमाणे गुंठ्याला एक किलो नत्र लागतो. म्हणजे एक थर फार तर पाव हिस्सा देतो, आणि तोही सगळा याच पिकाला मिळत नाही. एवढा नत्र अर्धा किलो युरियात मिळतो. ४५ किलोचे निंबोळीयुक्त युरियाचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळत असताना अर्ध्या किलोची किंमत तीन रुपये होते. तीन रुपयांच्या खतासाठी कोणी वाफे सांभाळावेत, बेणे जगवावे आणि पाइप बसवावेत, असे मी कोणालाही सांगणार नाही. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर आणि उत्तर व्हिएतनाममध्ये शतकानुशतके चालत आलेली अझोल्याची शेती स्वस्त युरिया आल्यावर झपाट्याने आटली, यामागचे गणित हेच. आम्ही युरिया बंद केलेला नाही, त्याचा एक हप्ता कमी केला आहे. अझोल्याने माझ्याकडे आपली किंमत वसूल केली ती वाचलेल्या बेणणीत, आणि बेणणीची मजुरी गुंठ्यामागे तीन रुपयांच्या कितीतरी पट आहे. जमिनीत वर्षानुवर्षे जाणारा सेंद्रिय भाग हा जोडलाभ आहे खरा, पण त्याचे मोल रुपयांत मांडण्याची घाई मी करणार नाही.

किडीचा उपद्रव एकदाच जाणवला. पावसाने उघडीप दिल्यावर दमट उकाड्यात बारीक हिरव्या अळ्या अझोल्याची पाने धाग्यांनी गुंडाळून नळ्या करतात आणि आत बसून खातात. शेतातल्यापेक्षा बेण्याच्या दाट वाफ्यात त्या अधिक होतात. तेवढा भाग उचलून उकिरड्यावर टाकला आणि वाफा विरळ केला, एवढ्यावर भागले.

कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत पी. के. सिंग यांनी १९७०च्या दशकात अझोल्यावर केलेल्या कामामुळे तो भारतीय भातशेतीच्या शिफारशींत आला. पण माझ्या शेताला सर्वांत उपयोगी ठरली ती व्हिएतनामच्या लाल नदीच्या खोऱ्यातली रीत. तिथे अझोला भर पावसाळ्यात वाढवत नसत. थंड, कोरड्या महिन्यांत तो वाढवायचा आणि वसंतातल्या भाताला द्यायचा, असा तिथला क्रम होता. उन्हाळाभर बेणे जगवणे इतके अवघड होते की ते काम काही मोजक्या गावांकडेच असे आणि बाकीचे त्यांच्याकडून विकत घेत. आपल्याकडे त्या हंगामाच्या जवळ जाते ते वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे दुसरे भात. डिसेंबर-जानेवारीत लावणी, बंधारा घालून अडवलेले व्हाळाचे पाणी, पाटाने हवे तेवढे घेता येणारे आणि हवे तेव्हा तोडता येणारे, रात्री गारवा आणि वाहून नेणारा पाऊस नाही. वायंगणात अझोला सोडला तेव्हा पावसाळ्यात ज्याच्यासाठी इतकी धडपड केली ते सगळे आपोआप झाले: थर लवकर जुळला, कुठेही गेला नाही, पाणी तोडून वीडरने गाडता आला आणि मग पुन्हा पाणी सोडता आले. फेब्रुवारीच्या अखेरीस उन्हाने तो लाल होऊ लागतो, पण तोपर्यंत भाताची सावली त्याच्यावर आलेली असते आणि त्याचे तणाचे कामही झालेले असते.

खाडीकाठच्या खार जमिनीचा उल्लेख करायला हवा, कारण माझ्या मेहुण्यांनी बेणे नेऊन तिथेही सोडले होते. भर पावसात खारवट पाणी गोड्या पाण्याने धुतले गेल्यावर अझोला काही दिवस राहिला. उघडीप पडून जमिनीतला क्षार वर येताच तो तपकिरी होऊन बसला. मिठाला हे नेचे सहन करत नाही, त्यामुळे गोव्यातल्या खाजणांतही, म्हणजे तिथल्या खाडीकाठच्या शेतांतही, त्याच्याकडून फार आशा धरू नये.

सध्या पावसाळ्यात मी अझोला फक्त वरच्या, वरून पाणी न पडणाऱ्या कुणग्यांत सोडतो. खालच्यांत ग्लिरिसिडियाचा पाला चिखलणीत गाडतो आणि तण हातानेच काढतो. वायंगणात मात्र सगळ्या क्षेत्रावर अझोला असतो. वाफ्यातला जादा माल धुऊन, पेंडीत मिसळून गाईला जातो. न धुता दिला तर शेणाच्या वासाने ती तोंड फिरवते. बेणे मागायला येणाऱ्याला मी आधी त्याच्या कुणग्यात पाणी कुठून येते आणि कुठून जाते ते विचारतो. वरून पाणी कोसळणारा कुणगा असेल तर वायंगणापर्यंत थांबायला सांगतो, आणि शेत खारीचे असेल तर बेणे देत नाही.